लाकूड आहे, कुजेल की!

पार्सलसोबत येणाऱ्या, एकदा वापरून टाकायच्या चॉपस्टिक्स (जेवायच्या लाकडी काड्या) फेकताना लोक म्हणतात, "लाकूडच तर आहे, कुजेल की आपोआप". हे अर्धंच खरंय. कुजतं, पण मातीत, हवा-ओल मिळाली तर. इथे काड्या जातात प्लास्टिकच्या कव्हरसकट, सॉस लागलेल्या, सगळ्या कचऱ्यात मिक्स, आणि मग डंपिंगला दाबून टाकल्या की कुजताना मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू सोडतात, म्हणजे वेगळाच ताप.

गंमत म्हणजे जपानात योशिनोला ह्या काड्या सुरू झाल्या त्या सीडरच्या उरलेल्या तुकड्यांपासून, वाया जाणारं लाकूड वापरायला. पुढे मागणी एवढी वाढली की काड्यांसाठीच झाडं तोडायला लागले, बहुतेक माल चीनमधून. चीनने २००६ मध्ये त्यावर ५ टक्के टॅक्स लावला, तरी वापर काही थांबला नाही. अर्थात, स्वस्त पडतं ना!

बांबूच्या घ्या म्हणणाऱ्यांचं पटतं, बांबू भराभर वाढतो, पण त्याही पांढऱ्या दिसाव्यात म्हणून बऱ्याचदा सल्फरची धुरी देतात, तोडताना नाकाशी धरून बघा, कधीकधी आंबूस उग्र वास येतो, तसल्या मी तरी कंपोस्टमध्ये टाकत नाही. साध्या असतील तर पुसून, बोटभर तुकडे करून टाकते. वर्ष सहज लागतं, घाई नको. आणि पार्सल मागवताना "काड्या नकोत" लिहायचं, घरात स्टीलचा जोड असतोच की.