आर्मी डिस्पोजल सीजे-3बी: 50 च्या आसपास स्टीअरिंग थडथडतं, डॅम्पर लावूनही तेच

घाटमाथा_4x4

गाडी: महिंद्रा सीजे-3बी जीप, पेट्रोल, सैन्यातून निकाली निघालेली. बंद नकलचा (नकल म्हणजे चाकासोबत वळणारा भाग) पुढचा अॅक्सल, मूळ रॉस स्टीअरिंग, मध्ये बेल क्रँक (स्टीअरिंगचा जोर दोन्ही टाय रॉडना देणारा दांडा). 45 ते 50 च्या दरम्यान एखाद्या खड्ड्यात डावं चाक गेलं की दोन्ही पुढची चाकं जोरात थडथडायला लागतात. ब्रेक दाबून 20 च्या खाली आल्याशिवाय थांबत नाहीत. सपाट रस्त्यावर 60 लाही काही नाही.

आतापर्यंत केलेलं: चारही टाय रॉड एंड नवे, टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळवणं) करून घेतला, गॅरेजवाल्याने स्टीअरिंग डॅम्पर (धक्के जिरवणारा शॉक) बसवला. डॅम्परने महिनाभर बरं वाटलं, आता पुन्हा तेच. टायर 235/75 आर15, बाहेर काढलेल्या रिमवर. डाव्या नकलच्या सीलमधून तेल गळतं. आता गॅरेजवाला स्टीअरिंग बॉक्स बदला म्हणतोय. बदलू का?

लो_रेंज

बॉक्स बदलू नका. बॉक्स ढिला असेल तर गाडी रस्त्यावर भटकते, अशी थडथडत नाही. खड्ड्याने सुरू होतं आणि वेग उतरल्याशिवाय थांबत नाही, याचा पहिला संशय किंगपिन बेअरिंगवर (नकल ज्या उभ्या आसावर वळतो त्याचं बेअरिंग). त्यात सील गळतंय डाव्या बाजूचंच.

आधी कोणता सांधा ढिला आहे ते ठरवा. पुढचा अॅक्सल जॅकवर घ्या, खाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर ठेवू नका. चाक वर-खाली धरून हलवा, म्हणजे घड्याळाच्या 12 आणि 6 वर हात. खेळ जाणवला की मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा. कारण ब्रेक लागला की ड्रम आणि बॅकप्लेट एक होतात, मग हलायला नकलच उरतो. नंतर 3 आणि 9 वर हात ठेवून हलवा. तिथला खेळ टाय रॉड, बेल क्रँक किंवा ड्रॅग लिंकचा (स्टीअरिंग आर्म ते बेल क्रँक जोडणारा दांडा).

चाकाचं बेअरिंग निघालं तर काम अर्ध्या तासाचं: चाक फिरवत आतला नट आवळा, चाक जड झालं की साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्या. चाक मोकळं फिरलं पाहिजे पण डुलता कामा नये. मग लॉक वायसर, बाहेरचा नट, आणि वायसरची कड नटावर वाकवा. जुना वायसर सपाट करून पुन्हा वापरू नका, कड तुटते.

डाव्या चाकांच्या स्टडवर 'एल' दिसला तर नट उलट्या आट्याचे आहेत. जोर लावून स्टड मोडण्याआधी बघून घ्या.

काटकोन

किंगपिनबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बहुतेक गॅरेजात 'प्ले नाही ना, मग ठीक' एवढंच बघतात. या अॅक्सलला तेवढं पुरत नाही. नकल वर-खाली दोन टेपर बेअरिंगवर फिरतो आणि त्या बेअरिंगवर दाब (प्रीलोड) हवा. तो दाबच थडथड विझवतो. खेळ शून्य पण दाबही शून्य, अशी गाडी तपासणीत पास होते आणि रस्त्यावर थडथडते.

मोजायचं असं: चाक काढा. टाय रॉड नकलच्या आर्मपासून सोडवा. नकलच्या मागचा सील-रिटेनर खोलून सील मागे सरकवा, कारण नवं फेल्ट सील स्वतःच एवढं धरतं की खोटा आकडा येतो. आता आर्ममधल्या टाय रॉडच्या भोकात साधा स्प्रिंगचा काटा अडकवा, आर्मला काटकोनात ओढा, आणि नकल हलत असताना वाचा. मॅन्युअलचा आकडा 12 ते 16 पाउंड, म्हणजे साधारण 5.5 ते 7 किलो. सुटतानाचा पहिला झटका मोजायचा नाही.

कमी आला तर वरच्या आणि खालच्या झाकणाखालच्या शिम (पातळ चकत्या) काढायच्या. मूळ शिम 0.003, 0.005, 0.010 आणि 0.030 इंचाच्या. वरून जेवढी काढाल तेवढीच खालून. एकाच बाजूने काढल्या तर नकल वर किंवा खाली सरकतो, आतला अॅक्सलचा सांधा मध्यावर राहत नाही, आणि वळणावर आतून खडखडाट सुरू होतो. शिम पत्र्याच्या डब्याच्या कापू नका. दबतात.

झाकणं उघडली की बेअरिंगचे कप (बाहेरच्या कड्या) बोटाने चाचपा. गाडी बहुतेक सरळच चालते, त्यामुळे रोलर एकाच जागी ठोकले जाऊन कपात बारीक ओळींचे खळगे पडतात. नकल हाताने फिरवताना मधोमध 'टक' करून बसतो. असं असेल तर शिम काढून उपयोग नाही. काटा आकडा दाखवेल, पण स्टीअरिंग मध्यावर अडकून राहील. दोन्ही बाजूंचे चारही कप-कोन बदला.

डाव्या सीलचं गळणं म्हणजे बहुधा याच दुखण्याचा परिणाम. किंगपिन ढिली, नकल डुलतो, नकलच्या आतल्या गोळ्यावर सील एकाच बाजूने घासतं. नुसतं सील बदललं तर पुन्हा गळेल. गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर आधी बारीक एमरीने घासून घ्या, नाहीतर नवं फेल्ट कातरलं जाईल.

घाटमाथा_4x4

मोजलं. डावीकडे अडीच किलो, उजवीकडे सहा. डावीकडचा वरचा कप ओळी पडलेला. 12-6 ला खेळ फार जाणवत नव्हता, म्हणून सगळे टाळत होते. बेल क्रँकचं काय बघायचं?

पाटे_आणि_पट्ट्या

अडीच किलो म्हणजे उत्तर सापडलं. तरी अॅक्सल खोललाच आहे तर बेल क्रँक बघूनच घ्या. मदतनिसाला गाडीत बसवून स्टीअरिंग चार बोटं डावी-उजवी हलवायला सांगा. तुम्ही खाली झोपून एक बोट क्रँक आणि अॅक्सलवरच्या ब्रॅकेटच्या फटीवर ठेवा. वर-खाली डुलल्याचं बोटाला लगेच कळतं. शाफ्ट आणि बेअरिंग बदलून भागतं, पण शाफ्ट ज्या भोकात बसतो ते अंडाकृती झालं असेल तर नवा शाफ्टही महिन्यात डुलायला लागेल. ते भोक बोअर करून बुश ठोकायचं. वेल्डिंग मारून 'टाइट' करणारा भेटला तर गाडी घेऊन घरी या.

ड्रॅग लिंकच्या दोन्ही टोकांत स्प्रिंग आणि बॉल-सीट असतात. स्प्लिट पिन काढा, प्लग पूर्ण आवळा, मग बेल क्रँककडच्या टोकाला अर्धा फेरा आणि स्टीअरिंग आर्मकडच्या टोकाला एक फेरा मागे घ्या. घट्टच ठेवला तर स्प्रिंग निकामी होते आणि प्रत्येक धक्का थेट बॉक्सात जातो.

टो-इन शेवटी करा, आधी नाही. या गाडीत दोन टाय रॉड आहेत, म्हणून नुसतं एकूण माप बरोबर येऊन चालत नाही. बेल क्रँक अॅक्सलला काटकोनात ठेवा. पुढच्या-मागच्या डाव्या चाकांना सुतळी ताणून डावा रॉड जुळवा, मग फक्त उजवा फिरवून टो-इन घ्या: 3/64 ते 3/32 इंच, म्हणजे 1.2 ते 2.4 मिमी.

आणि तो डॅम्पर काढा. तो महिनाभर किंगपिनचं काम करत होता, म्हणून बरं वाटलं. सगळं मापात आल्यावर हवा तर पुन्हा लावा. मला तरी या गाडीला त्याची गरज वाटत नाही.

सोळा_इंची

रिमबद्दल कोणीच बोललं नाही.

मूळ टायर 6.00-16, अरुंद. किंगपिनची तिरकी रेषा खाली रस्त्याला जिथे भेटते, त्याच्या जवळच टायरचा मध्य येतो. रिम बाहेर काढली की हे अंतर वाढतं आणि खड्ड्याचा धक्का लांब पान्याने नट फिरवावा तसा नकल फिरवतो. किंगपिन नवी केलीत तरी या रिमवर ती लवकर ढिली पडेल. निदान पुढे तरी मूळ ऑफसेटच्या रिम लावा. पुढे 16 आणि मागे 15 असं मात्र करू नका, टायरचा घेर वेगळा पडला तर फोर-व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारी पेटी) आवळून बसेल.

पुढच्या पाट्यांत जादा पान टाकलंय का तेही बघा. कास्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) 3 अंश हवा. कमी भरला तर पाटा आणि अॅक्सल यांच्या मध्ये पाचर घालता येते, जाड बाजू पुढे. पण पाचरेने डिफरन्शियलचं तोंड खाली झुकतं आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, म्हणून 2 अंशांच्या वर नको. यू-बोल्ट 100 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

घाटमाथा_4x4

डाव्या बाजूचे दोन्ही कप-कोन नवे टाकले. वरखाली 0.005 ची एकेक शिम काढल्यावर सव्वापाच आले. आणखी 0.003 काढू का?

काटकोन

उजवीकडचे जुनेच ठेवलेत ना? ते तरी उघडून बघा. डावीकडे हो, 0.003 वरून आणि 0.003 खालून. नवं बेअरिंग बसलं की दाब थोडा उतरतो, म्हणून सहा-साडेसहावर ठेवा. मग सील लावा, 500 किलोमीटरनंतर सील सोडून पुन्हा मोजा.