तीन मिनिटांत ब्लेझार भडकतो कसा?

चोपड्याचा_तारेवाला:
एमएस्सीच्या सेमिनारला पीकेएस २१५५-३०४ हा ब्लेझार घेतलाय (मधल्या महाकाय कृष्णविवराजवळून वायूचा झोत, म्हणजे जेट, आपल्याकडे सोडणारी दीर्घिका). जुलै २००६ मध्ये नामिबियातल्या हेस दुर्बिणींना त्याच्या गॅमा किरणांत जेमतेम २०० सेकंदांत चढउतार दिसले. कृष्णविवर १०० कोटी सूर्यांएवढं धरलं तर त्रिज्याच ३०० कोटी किमी, प्रकाशालाही पावणेतीन तास लागतील. मग हे जमतं कसं? गाइड म्हणतात, "जेट आपल्याकडे रोखलेलं असतं", की लगेच पुढची स्लाइड!

भुसावळचे_नाना:
गाइडचं खरं आहे, पण अर्धंच.

आमच्या यार्डात मालगाडी सुटते तेव्हा गार्डाचा डबा इंजिनाबरोबर हलत नाही, धक्का कपलिंगा-कपलिंगातून मागे येतो. उगमाचंही तेच. एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला प्रकाशाच्या आधी पोचत नाही, म्हणजे २०० सेकंदांत बदलणारा उगम फार तर ६ कोटी किमी.

हे स्थिर उगमाचं झालं. जेटमधला वायू जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने आपल्याकडे येतो, स्वतःच सोडलेल्या प्रकाशाचा पाठलाग करत. त्यामुळे तिथला बराच वेळ आपल्याला थोडक्यात दिसतो. डॉप्लर गुणक, म्हणजे वेळ किती पट आखडतो तो आकडा, १० धर : ६० कोटी किमी. अजून कमीच! ३०० कोटी गाठायला ५० हवा.

आणि गुणक लहान असता तर ही गॅमा किरणं बाहेरच पडली नसती. तिथल्याच कमी ऊर्जेच्या फोटॉनांवर आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या झाल्या असत्या. सेमिनारमध्ये हा मुद्दा सोडू नको, परीक्षक हेच विचारतात.

धुळेकर७:
पण नाना, रेडिओत अशा ब्लेझारच्या जेटमधल्या गाठी सावकाश सरकताना दिसतात, म्हणजे गुणक लहानच. ५० कुठून आणायचा?

भुसावळचे_नाना:
भांडण तिथंच आहे, भाऊ. काही म्हणतात, चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळताना जेटच्या पोटात छोटी जेटं सुटतात, ती जास्त वेगवान. मला हे पटतं. अख्खं जेट पळवायची गरज राहत नाही.

चोपड्याचा_तारेवाला:
आते समजनं, नाना! आठ इंची दुर्बिणीतून पालच्या डोंगरावरून एखादा ब्लेझार टिपता येईल?

भुसावळचे_नाना:
एप्रिलात मार्केरियन ४२१ बघ, सप्तर्षीत, साधारण तेराव्या प्रतीचा (आकडा मोठा तितका मंद). कॅमेरा लाव. मिनिटांचे भडके मात्र दृश्य प्रकाशात शोधू नको, ते काम लडाखमधल्या हानलेच्या २१ मीटर मेस या गॅमा दुर्बिणीचं. आणि ५१ सप्तर्षी हा सहाव्या प्रतीचा तारा त्याला अगदी खेटून आहे. एक्स्पोजर लहान ठेव, नाहीतर त्याच्या झगमगाटात ब्लेझार बुडेल.