जखम भरली की कविता संपते?

नीलमोहर
कालच्या पोस्टवर प्रतिसाद लिहायला घेतला, तो लांबला, म्हणून वेगळा धागा. त्या पोस्टचं म्हणणं : कलावंताने थेरपिस्टकडे जाऊ नये, जखम भरली की लिहिणं संपतं.
माझ्या बाबतीत नेमकं उलटं झालं. दीड वर्ष एक ओळ सुचली नाही. दुःख भरपूर होतं. कोथरूडच्या खोलीत रात्रभर वही उघडी असायची, सकाळी कोरीच मिटायचे. अकराव्या सेशनला आजीच्या लुगड्याबद्दल बोलताना रडू फुटलं आणि त्या रात्री आठ ओळी उतरल्या.
रशियन संगीतकार रॅखमनिनॉवची पहिली सिंफनी १८९७ मध्ये पडली आणि त्याचं लिहिणंच थांबलं. १९०० मध्ये तो डॉ. निकोलाय दाल यांच्याकडे संमोहन उपचारांसाठी जाऊ लागला. त्यानंतर लिहिलेला दुसरा पियानो कन्चेर्टो त्याने त्यांनाच अर्पण केलाय.

सनईचौघडा
एका उदाहरणाने नियम होत नाही. जर्मन भाषेतला कवी रिल्के याने १९१२ मध्ये मनोविश्लेषणाला विचारपूर्वक नकार दिला. भुतं हाकलली तर देवदूतही जातील, ही भीती. माझ्या चित्रकार मित्राने वर्षभर थेरपी घेतली. झोप छान लागते म्हणतो. ब्रशला हात लावलेला नाही.

नीलमोहर
मित्राला झोप लागते, ही तक्रार आहे तुमची?

तालीमवाली
'जखम हवीच' हे एकांकिकेच्या तालमीत फार ऐकलंय. मी १९ वर्षांची, बाबा जाऊन चार महिने झालेले. दिग्दर्शक सगळ्यांसमोर "त्यांचा चेहरा आठव" म्हणून रडवायचा, तीन आठवडे रोज. बक्षीस मिळालं. मी परत स्टेजवर गेले नाही.

विंगेतून
मीही एकांकिका बसवतो. पोरांनी आतलं काढायचंच नाही तर नुसतं पाठांतर होईल. माझ्याकडे कधी कुणी तक्रार केली नाही.

तालीमवाली
केली नाही, की करायची सोय नव्हती? थेरपिस्टकडे "आज नको" म्हणता येतं. बोललेलं चार भिंतींत राहतं. उघडलेलं पुन्हा आवरायला वेळ देतात. मला विंगेत एक कटिंग दिला होता. संपलं.

विंगेतून
आवाज चढवू नका. हुंदका खोटा असला की शेवटच्या रांगेलाही कळतो, हे माझं मत कायम. गेलेल्या वडिलांना मध्ये आणायला नको होतं, एवढं मान्य.

तालीमवाली
'एवढं' म्हणायला मला नऊ वर्षं थांबावं लागलं.

केसपेपर
मूळ मुद्द्यावर : डॅनिश मानसोपचारतज्ज्ञ मोगेन्स शाऊ यांनी १९७९ मध्ये उन्माद-नैराश्याच्या आजारावर लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्या २४ कलावंतांना विचारलं. १२ जणांचं काम वाढलं, ६ जणांचं तेवढंच राहिलं, ६ जणांचं घटलं.

सनईचौघडा
ते गोळ्यांबद्दल झालं, बोलण्याच्या उपचारांबद्दल नाही. आणि घटलेले सहा जण आहेतच की! माझा मित्र तसाच.

नीलमोहर
त्याला चित्र काढावंसं वाटतंय का, हे विचारलंत?

सनईचौघडा
नाही. रविवारी भेटतोय, तेव्हा विचारतो.