'शाळा' चित्रपट : कादंबरीचे वाचक नाराज आणि परीक्षक प्रसन्न, असे का?

चित्रवाचक
मिलिंद बोकील यांच्या २००४ सालच्या 'शाळा' या कादंबरीवर सुजय डहाके यांनी केलेला चित्रपट २० जानेवारी २०१२ रोजी प्रदर्शित झाला. पुढे ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला, शिवाय अविनाश देशपांडे यांना रूपांतरित पटकथेचा पुरस्कारही मिळाला. माझ्या परिचयातील कादंबरीप्रेमींची मुख्य तक्रार मात्र नेमकी याच रूपांतराविषयी आहे. कथानायक मुकुंदविषयी 'मुकुंद जोशी दिसतो, पण ऐकू येत नाही' असे ते म्हणतात. ज्या गोष्टीला पुरस्कार मिळाला तीच गोष्ट वाचकांना उणी का वाटावी?

दुसरा बाक
कारण दोघेही वेगवेगळ्या गोष्टी तपासत होते. कादंबरी प्रथमपुरुषी आहे. नववीतल्या मुलाचा तिरकस, खोडकर, मध्येच हळवा होणारा आवाज हेच तिचे खरे बळ असून घटना त्यामानाने फारच थोड्या आहेत. त्याला आवडणारी वर्गातली मुलगी शिरोडकर कोणत्या रस्त्याने येते, शिकवणीला कधी निघते, आज तिने पाहिले की पाहिल्यासारखे केले, याचाच हिशेब पानोपानी चालतो. पटकथाकाराला हा हिशेब दृश्यांत मांडावा लागतो, आणि निवेदन सगळीकडे ठेवले असते तर आपण चित्रपटगृहात बसून पुस्तकच ऐकले असते. देशपांडे यांनी बोलणे कमी करून मुकुंद साकारणाऱ्या अंशुमन जोशीच्या चेहऱ्यावर भिस्त ठेवली. वाचकाच्या मनात तो आवाज आधीच घुमत असल्यामुळे त्याला शांतता म्हणजे उणीव वाटते. कादंबरी न वाचलेल्याला ती तशी वाटत नाही. केतन पवारने साकारलेल्या सुऱ्या या मुकुंदच्या मित्राविषयी मात्र मी तरी कोणत्याच बाजूची तक्रार ऐकलेली नाही.

जुना अंक
वरील मत बऱ्याच अंशी पटते, परंतु माझा आक्षेप आवाजाविषयी नसून काळाविषयी आहे. गोष्ट आणीबाणीतली आहे. जून १९७५ नंतर वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, विरोधक तुरुंगात गेले, आणि नसबंदीच्या सक्तीची धास्ती पुढे खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली. चित्रपटात या साऱ्याचे उल्लेख येतात आणि विरून जातात; उरतात ते गणवेश, दोन वेण्या आणि सायकली. दिएगो रोमेरो या स्पॅनिश छायालेखकाच्या कॅमेऱ्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते, पण त्या सुंदर प्रकाशामुळे गाव भेटकार्डासारखे दिसू लागते आणि १९७५ ची धग त्यात मुरून जाते, हे फार थोड्या समीक्षकांनी बोलून दाखवले. नववीतल्या मुलाला राजकारण कितीसे कळणार, असा बचाव केला जातो. मुलाला कळत नसले तरी दिग्दर्शकाला कळायला हवे, आणि मुलाला न कळलेले प्रेक्षकाला कळवण्यासाठीच तर भोवतालची मोठी माणसे असतात. जितेंद्र जोशी यांनी साकारलेला नरूमामा आणि नंदू माधव यांनी साकारलेले मुकुंदचे वडील या दोन पात्रांकडून ते काम अधिक करून घेता आले असते.

शेवटची घंटा
दोन मुद्दे थोडक्यात मांडते. पहिला असा की, आपण सगळे मुकुंदच्या बाजूने बोलतो आहोत. शिरोडकरला काय वाटते, हे कादंबरीत मुकुंदला दिसते तेवढेच कळते, आणि तिथे ते चालते, कारण सांगणारा तोच आहे. पडद्यावर मात्र शिरोडकर साकारणाऱ्या केतकी माटेगावकरचा चेहरा आपल्यासमोर प्रत्यक्ष असताना तिच्या घरात, तिच्या भीतीत डोकावण्याची संधी होती. ती घेतली गेली नाही, आणि परीक्षणांनीही तिची 'निरागसता' वाखाणण्यापलीकडे फारसे काही विचारले नाही.

दुसरा मुद्दा 'टाइमपास'चा. जानेवारी २०१४ मध्ये रवी जाधव यांचा हा चित्रपट आला, तेव्हा नायिका केतकीच होती, काळही मागचाच, म्हणजे नव्वदच्या दशकातला होता आणि प्रेमही शाळकरी वयाचे होते. त्याने तिकीटबारीवर प्रचंड गर्दी खेचली, पण गंभीर चर्चेच्या वाट्याला तो क्वचितच आला. भडक संवाद हे कारण सांगितले जाते. मला मात्र वाटते की प्रतिष्ठित कादंबरीचा आधार नसता, तर 'शाळा'लाही इतक्या आदराने वागवले गेले नसते.

चित्रवाचक
शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. कादंबरीच्या प्रतिष्ठेने 'शाळा'ला आदर मिळाला असेल, पण त्याच प्रतिष्ठेने प्रत्येक दृश्य पुस्तकाशी ताडून पाहणारा प्रेक्षकही दिला, आणि हा जाच 'टाइमपास'ला सोसावा लागला नाही. शिरोडकरविषयीचा आक्षेप मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो पुस्तक बाजूला ठेवूनही उरतो. ज्यांनी कादंबरी न वाचता चित्रपट पाहिला, त्यांनी कृपया याच मुद्द्यावर लिहावे : ती गाव सोडून जाते तेव्हा तुम्हाला तिच्याविषयी वाईट वाटले, की फक्त मुकुंदविषयी?