मदत हवी आहे: सोसायटीत ज्येष्ठांसाठी कार्यक्रम ठेवतो, पण कुणी येतच नाही

वैतागलेला_सचिव
सरळ मुद्द्यावर येतो. ज्येष्ठांसाठी 'काहीतरी' करायचं असं कमिटीत ठरलं आणि ते काहीतरी माझ्या गळ्यात पडलं. तीन कार्यक्रम केले: आरोग्यावर व्याख्यान, जुन्या गाण्यांची संध्याकाळ, मोबाइल शिकवणी. हजेरी सात, पाच आणि दोन. त्या दोघांतला एक आमचा खजिनदार, तो खुर्च्या उचलायला थांबला होता. येत्या रविवारी मीटिंग आहे आणि अध्यक्षांना वर्षभराचा आराखडा हवाय. लोक यावेत म्हणून काय करायचं तेवढं सांगा. 'ज्येष्ठांचा आदर करा' हे प्रवचन नको, आदर आहे.

चष्मा_कुठेय
ज्येष्ठ किती? कार्यक्रम किती वाजता? हॉल कुठे? डॉक्टरला फोन करून 'दुखतंय' म्हणायचं आणि ठेवून द्यायचा, तसं झालंय हे.

वैतागलेला_सचिव
चार इमारती, १४४ फ्लॅट. ज्येष्ठ असतील साठ-सत्तर. वेळ रात्री साडेआठ, कारण आम्ही नोकरीवाले तेव्हाच मोकळे होतो. हॉल क्लबहाउसमध्ये. याचा काय संबंध?

चष्मा_कुठेय
'असतील' म्हणजे मोजलेले नाहीत. क्लबहाउस तळमजल्यावर आहे का?

वैतागलेला_सचिव
पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पण चौदाच पायऱ्या आहेत.

खवचट_काका
चौदाच! लेका, वय काय तुझं?

वैतागलेला_सचिव
३८.

खवचट_काका
वाटलंच. मी ७४. चढायचं काही वाटत नाही रे, उतरायची भीती वाटते. रात्री दहाला कार्यक्रम संपणार, जिन्यातला दिवा नेमका डोळ्यावर येणार, पायरीची कड दिसत नाही, आणि मागून पोरं धडाधडा उतरतायत. घरी सांगायचं 'आज जरा कणकण वाटतेय'. झालं, तुझ्या हजेरीतला एक गेला.

हास्यानंद
एवढा विचार कशाला? हास्यक्लब काढा. रोज सकाळी अर्धा तास. आमच्याकडे चाळीस जण येतात, खर्च शून्य. हसण्याने सगळे आजार पळतात, स्वानुभव आहे.

फिजिओ_ताई
हास्यक्लब जरूर काढा, पण 'सगळे आजार पळतात' हे राहू द्या. ६५ च्या पुढच्या साधारण तिघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. पडणं कमी करायचं तर तोल सांभाळण्याचा आणि पायांच्या ताकदीचा व्यायाम लागतो. ६५ वरच्यांनी असा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलणं, एका रेषेत पावलं टाकणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं. याला हॉल लागत नाही, माइक तर नाहीच.

घरच्या घरी एक चाचणी करा. खुर्चीतून उठा, नेहमीच्या चालीने तीन मीटर जा, वळून परत या, बसा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून तपासून घ्या.

खवचट_काका
केली. १९ सेकंद. त्यातले सात चप्पल सापडेपर्यंत गेले.

फिजिओ_ताई
काका, मग चप्पल घालून नव्याने मोजा. आणि मोजताना कुणीतरी शेजारी उभं राहू दे.

हास्यानंद
आमच्या क्लबात ८१ वर्षांच्या आजी आहेत, त्यांनी कधी टाचा उचलल्या नाहीत. ठणठणीत आहेत.

फिजिओ_ताई
आनंद आहे. एका आजींवरून साठ जणांचं ठरवू नका.

गॅजेटगुरू
२१ व्या शतकात आहोत ना आपण? सगळ्यांना पडलं की ओळखणारं घड्याळ घ्यायला लावा. पडल्यावर आपोआप मुलाला फोन जातो. विषय संपला.

दूरदेशीची_लेक
माझ्या बाबांकडे होतं. आंघोळीला जाताना ते काढून बेसिनवर ठेवायचे, आणि पडले ते बाथरूममध्येच. रात्री पडले, सकाळी शेजारच्या काकूंना दाराशी पेपर तसाच दिसला म्हणून कळलं. बाथरूमची कडी आतून, मुख्य दाराचीही आतून. दार फोडायला चाळीस मिनिटं गेली. हाड मोडलं नव्हतं, पण तासन्‌तास गार फरशीवर पडून राहिल्याने जे व्हायचं ते झालं: पाणी कमी पडलं, एका अंगावर जखमा झाल्या, स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडावर ताण आला. आता बाहेरून किल्लीने उघडेल असं कुलूप बसवलंय, एक किल्ली काकूंकडे. बाथरूमच्या दाराची कडी काढूनच टाकली. सचिवसाहेब, गाण्यांची संध्याकाळ राहू द्या. एकटे राहणारे किती आहेत आणि त्यांची दुसरी किल्ली कुणाकडे आहे, तेवढं विचाराल का?

गॅजेटगुरू
पाण्यात चालणारी घड्याळं मिळतात. काढायचं कशाला?

दूरदेशीची_लेक
तेच बाबांना पन्नास वेळा सांगितलं होतं.

शिस्तप्रिय
विषयांतर होतंय पण विचारतो. आमच्याकडे उलट अडचण आहे. सगळे ज्येष्ठ कमिटीतच बसलेत. त्यांना उठवायचं कसं?

खवचट_काका
हात न टेकता.

संदर्भप्रेमी
या क्षेत्रातलं जुनं उदाहरण न्यूयॉर्कच्या पेन साऊथचं. १९६२ मध्ये पूर्ण झालेली सहकारी वसाहत, दहा इमारती, २,८२० घरं. तरुणपणी राहायला आलेले लोक तिथेच म्हातारे झाले. मग १९८६ मध्ये वसाहतीतच ज्येष्ठांसाठी कार्यक्रम सुरू झाला, त्यात समाजसेवक आणि परिचारिका दोन्ही. लोकांना वृद्धाश्रमात हलवण्याऐवजी सेवा त्यांच्या दाराशी आणायची, ही कल्पना. पुढे इतरांनी ती उचलली.

वैतागलेला_सचिव
माहितीबद्दल आभार, पण माझ्याकडे परिचारिका नाही, खजिनदार आहे.

वकिली_सल्ला
सर्व ज्येष्ठांनी मृत्युपत्र करून ठेवावं. पुढे फार घोळ होतात.

चष्मा_कुठेय
हे कुणी विचारलं होतं?
सचिव, मूळ प्रश्न राहिलाच. निमंत्रण कसं देता?

वैतागलेला_सचिव
सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. आठ दिवस आधी, मग आदल्या दिवशी, मग त्याच दिवशी. अजून काय करायचं, वाजंत्री लावू?

चष्मा_कुठेय
ग्रुपवर नंबर कुणाचे?

वैतागलेला_सचिव
फ्लॅटमागे एक, मालकाचा.
थांबा.

वैतागलेला_सचिव
यादी काढली. दोघांनी बसून, आठवून आठवून. ६० वरचे ६३ जण निघाले. त्यातले ग्रुपवर १७. बाकीच्यांच्या मुलांना निरोप जात होता आणि मुलं अंगठा दाखवून मोकळी. अंगठे मोजून मी चाळीस खुर्च्या मांडत होतो.

खवचट_काका
आता कसं! अंगठे घरात, खुर्च्या हॉलमध्ये.

शेजारधर्म
आमच्या जिन्यात सोपी पद्धत आहे. एकटे राहणारे सकाळी उठले की दाराच्या मुठीला कापडी पट्टी अडकवतात, रात्री काढून घेतात. नऊपर्यंत पट्टी दिसली नाही की समोरच्याने बेल वाजवायची. उत्तर नाही आलं तर किल्ली. पाच वर्षं चाललंय.

शिस्तप्रिय
ही पाळत झाली. शिवाय पट्टी नसेल तर चोराला कळणार घरात कुणी नाही.

शेजारधर्म
पाळत वाटणाऱ्यांनी अडकवू नये, जबरदस्ती नाही. एक आजी 'मला नको' म्हणाल्या, त्यांना त्यांची मैत्रीण सकाळी फोन करते. आणि गावाला जाणारा पट्टी लावूनच जातो, समोरच्याला सांगून.

फिजिओ_ताई
त्याला एक जोड द्या. प्रत्येकाच्या फ्रिजवर एक कागद: चालू औषधं, अ‍ॅलर्जी, डॉक्टर, कुणाला फोन करायचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ठळक अक्षरात. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि तेव्हा डॉक्टर आधी हेच विचारतात. शेजाऱ्याला कुठून माहीत असणार?

वैतागलेला_सचिव
काल संध्याकाळी साडेपाचला खाली गेलो. इमारत दोनच्या मागे, पंपघराच्या कठड्यावर अकरा जण बसलेले. म्हणजे रोज बसतात, मला माहीतच नव्हतं, मी घरी येतो आठला. कठडा इतका बुटका की उठताना एकमेकांना हात द्यावा लागतो. विचारलं, कार्यक्रमाला का येत नाही? सात जण म्हणाले, कसला कार्यक्रम? जुनी गाणी ऐकायला आलेले एक आजोबा म्हणाले, हॉल नुसता घुमतो, आवाज येतो पण शब्द कळत नाही. मी त्या दिवशी त्यांच्यासाठी आवाज वाढवला होता.

तिसऱ्या इमारतीतल्या काकू काही बोलल्या नाहीत. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हॉलच्या शौचालयाला कुलूप असतं. किल्ली वॉचमनकडे. व्याख्यानाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर उठून किल्ली मागितली. वॉचमन खालून येईपर्यंत त्या दाराशी उभ्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत, आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या दोघीही नाहीत.

मी ते कुलूप लावायचा ठराव स्वतः लिहिला होता. पोरं आत पाणी उडवतात म्हणून.

फिजिओ_ताई
घुमण्याचं आजोबांचं म्हणणं बरोबर आहे. वयानुसार आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे 'स', 'श' अशी अक्षरं गळतात. आवाज वाढवला की गोंगाट वाढतो, शब्द नाही. छोटी जागा, समोरासमोर, सावकाश बोलणं.

हास्यानंद
कठड्यापाशीच हास्यक्लब घ्या की!

वैतागलेला_सचिव
विचारलं. नऊ जण नको म्हणाले, दोन हसले.

आराखडा केलाय. यादी घरोघरी जाऊन पुरी करायची, कुलूप उद्याच काढायचं, पंपघरापाशी हातवाल्या दोन बाकड्या, क्लबहाउसच्या जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा, किल्ली आणि फ्रिजवरचा कागद ज्यांना हवा त्यांच्यासाठी. जे काही करायचं ते साडेपाचला आणि खाली. एकच पान झालंय. अध्यक्षांना जाडजूड फाइल हवी होती.

खवचट_काका
फाइलमध्ये कोरे कागद घाल. बाकड्या मात्र बसून बघ आधी, फार बुटक्या आणू नकोस.

नवा_सभासद
धागा वाचला नाही, फक्त शीर्षक पाहिलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून बघितलंत का?