मनातलं घरात सांगावं की परक्याला?

खिडकीपाशी:
माझं मत आधीच सांगून टाकते, मग काय झोडपायचं ते झोडपा. मन खरंच बिनसलं असेल तर पहिल्यांदा घरात सांगू नये. परक्या, शिकलेल्या, फी घेणाऱ्या माणसाला सांगावं.

'घरच्यांशी बोला, मन मोकळं करा' हे दर वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, सगळीकडे फिरतं. बोलल्यानंतर काय होतं, ते मात्र कुणी सांगत नाही. गेल्या वर्षी माझी झोप उडाली होती. सकाळी डबा भरायचा म्हटलं तरी हात चालेना. नवऱ्याला सांगितलं. त्याने काळजीपोटी सासूबाईंना सांगितलं, त्यांनी काळजीपोटीच नणंदेला. मग एका बारशाला गेले, तर पाळण्याची दोरी माझ्या हातात देता देता एका चुलत सासूबाईंनी दंडावर हात ठेवून विचारलं, "आता झोप लागते ना गं?" आजूबाजूच्या बायका एकदम गप्प. त्या दिवसापासून मी जरा आवाज चढवला की घरात प्रश्न ठरलेला: गोळी घेतलीस ना? भाजीत मीठ जास्त पडलं तरी दोष माझ्या मनाचा!

यात कुणी वाईट नव्हतं, हीच तर अडचण आहे. आपलं माणूस ऐकता ऐकता स्वतःच घाबरतं आणि घाबरलं की सल्ले देतं. फिरायला जा, पारायण कर, नोकरी सोड, नोकरी धर. समुपदेशक बाईंनी पहिल्या भेटीत एकही सल्ला दिला नाही, आणि मी बोलले ते त्या खोलीबाहेर गेलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गुप्ततेचं कलम आहे, २३ वं. नणंदेला कुठलं कलम लावू?

निवृत्त पासबुक:
तुमच्या चुलत सासूबाई आगाऊ निघाल्या म्हणून सगळ्यांनी घरात तोंड शिवून बसायचं?

आमच्या सकाळच्या फिरायच्या गटात एकाची पत्नी अचानक गेली. गडी बोलेना, जेवेना. आम्ही रोज सहाला त्याच्या दाराशी जाऊन उभे राहायचो. आला तर आला, नाहीतर जिन्यात बसून राजकारणावर भांडायचो, त्याला आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. काही आठवड्यांनी तोच बाहेर येऊन म्हणाला, तुम्हाला कुणालाच काही कळत नाही. सुटला की नाही? फी शून्य.

दुःखाला आजार म्हणायची फार घाई झाली आहे हल्ली. पोरगं परीक्षेत नापास झालं, उदास आहे, न्या समुपदेशकाकडे. अहो, नापास झाल्यावर उदासच व्हायचं असतं.

कापूसकोंड्या:
राजेहो, तुमचं दोघांचंही पुण्या-मुंबईचं चाललंय. आमच्या तालुक्यात मानसोपचाराचा डॉक्टर नाही. जिल्ह्याला ठरलेल्या वारी ओपीडी. एसटीनं जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली, सोबत येणाऱ्याचीही बुडाली. अन् रांगेत उभं राहिलं की मागून आवाज येतो, "काय भाऊ, इकडं कुठं?" झाली का गुप्तता?

लोक आधी देवऋषीकडं जातात म्हणून शहरातले हसतात. पण तो रात्री अकराला दार उघडतो, बसवून घेतो, सगळं ऐकतो. मी त्याच्या बाजूचा नाही. एका पोराचं त्याच्या नादी लागून वर्ष वाया गेलेलं पाहिलंय, शेवटी गोळ्यांनीच बरं वाटलं त्याला. पण ऐकणारा दुसरा कोण आहे, ते सांगा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली होती. नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. आपलं महाराष्ट्र त्या बारांत नव्हतं, तरी इथं चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

दोन खुर्च्या:
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे (औषधं देत नाही, बोलण्यातून उपचार करते), म्हणजे माझा यात स्वार्थ आहे हे धरूनच वाचा.

खिडकीपाशी, कलम २३ बरोबर आहे, पण त्याला अपवाद आहेत. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर आम्हाला ते योग्य माणसाला सांगता येतं आणि ते आम्ही पहिल्याच भेटीत स्पष्ट करायला हवं. तेव्हा "खोलीबाहेर काहीच जात नाही" हे पूर्ण खरं नाही. घरातल्या एखाद्याला तरी माहीत असावं असं मी स्वतः सुचवते. सगळ्या खानदानाला नव्हे. एकाला.

आणि फी घेणारा परका म्हणजे शिकलेलाच असेल असं धरू नका. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतो, औषधं लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. तो क्रमांक बिनधास्त विचारा, खरा असेल तो रागावत नाही. 'समुपदेशक' ही पाटी मात्र बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन कोर्स करून लावलेली असते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला आधीच्या 'समुपदेशका'ने लग्न कर म्हणजे बरी होशील असं सांगितलं होतं. त्यासाठी तिने पैसे मोजले होते. मावशीने हेच फुकट सांगितलं असतं.

पासबुक काका, तुमच्या मित्राचं दुःख ते दुःखच होतं, पटलं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं लक्ष, सगळंच गेलेलं असेल आणि जगण्यात अर्थ नाही असं बोलणं सुरू झालं असेल, तर जिन्यातल्या राजकारणावर विसंबू नका.

रात्रपाळी:
घर की परका हा वाद बायकांना तरी घालता येतो. आमच्यात मित्राला सांगितलं की तो म्हणतो, चल, बसू. बसलो की तो त्याचंच सांगतो.

मी १४४१६ लावला होता. टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास. भाषा मराठी निवडली. पहाटे तीनला कंपनीच्या पार्किंगमध्ये उभा राहून बोललो. फार काही जादू झाली नाही, पण त्या माणसाने मध्ये एकदाही "अरे, त्यात काय" म्हटलं नाही. तेवढ्यावर ती रात्र निघाली. घरी अजून कुणाला माहीत नाही आणि माहीत व्हावं अशी इच्छाही नाही.

म्हापसेकर:
कापूसकोंड्यांच्या प्रश्नाला आमच्या गोव्यात एक उत्तर शोधलं गेलंय. 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून इथे आहे. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या माणसांसाठी स्थानिक लोकांनाच तयार केलं. हे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्र शिकलेले नव्हते. प्रशिक्षण घेऊन सहा ते आठ बैठका करायच्या आणि माणसाला त्याच्या बंद पडलेल्या रोजच्या कामांकडे हळूहळू परत आणायचं. बाजारात जाणं, शेजारणीकडे बसणं, असं साधंच. दहा केंद्रांत ४९३ जणांवर ही चाचणी झाली, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आली. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, फक्त केंद्रातले थोडे सुधारलेले नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के.

निवृत्त पासबुक:
म्हणजे मी म्हणतो तेच! गावातलीच साधी माणसं, पदवीबिदवी काही नाही.

खिडकीपाशी:
नाही काका, मी म्हणते तेच. ती माणसं गावातली असली तरी त्या रुग्णाची नणंद किंवा सासू नव्हती. शिवाय शिकवून घेतलेली. ठरलेल्या बैठका, ठरलेलं काम. तुमच्या जिन्यात प्रेम होतं, पण तो गडी बाहेर आलाच नसता तर तुम्ही पुढे काय करणार होतात?

निवृत्त पासबुक:
आणखी मोठ्याने भांडलो असतो. (बरं, मान्य, मुलाला फोन केला असता.) पण तुम्हीही एक सांगा. माझी सून हल्ली जेवताना मान वर करत नाही. तुमच्या नियमाने मी गप्प बसायचं का?

खिडकीपाशी:
गप्प नका बसू. ती एकटी असताना एकदा विचारा, तिने टाळलं तर लगेच खोदू नका. आणि काही बोलली तर ते काकूंना सांगू नका.

निवृत्त पासबुक:
आमच्या संसाराला एक्केचाळीस वर्षं झाली. हिच्यापासून काही लपवलं तर चहा ओतायच्या आत तिला कळतं. आणि कळल्यावर हिचंही मन बिघडेल, त्याचं काय? जमायचं नाही.

दोन खुर्च्या:
काका, मग विचारण्याआधीच काकूंना सांगून ठेवा की मी तिच्याशी बोलणार आहे, काय बोललो ते विचारू नकोस. पुष्कळ घरांत हे चालतं. सगळ्यांत नाही.

कापूसकोंड्या:
गोव्याचं वाचून बरं वाटलं. पण आमच्याकडं असं काही आलं की ते आशाताईच्याच गळ्यात पडणार, हे लिहून घ्या. आमची आशाताई गरोदर बायका बघते, लसीकरणाला पोरं गोळा करते, क्षयाच्या गोळ्या पोचवते, पाहणीचे फॉर्म भरते. मानधन उशिरा येतं म्हणून मोर्चालाही जाते. परवा आमच्या ओट्यावर बसली होती, म्हणाली, "भाऊ, पाच मिनिटं काही विचारू नका, नुसतं बसू द्या." बायकोनं पाणी दिलं. ती अर्धा तास बसली अन् गेली.