खेळातून ‘बाद’ काढून टाकायचं?

खोखोवाला (सांगली)
मुलाच्या शाळेच्या पालकगटावर काल एक लांबलचक संदेश आला. थोडक्यात असा: ‘बाद होणं मुलांच्या मनाला लागतं. म्हणून पुढच्या सत्रापासून खो-खो, लंगडी, डॉजबॉल बंद. त्याऐवजी फक्त सहकाराचे खेळ: पॅराशूटचं कापड, मानवी गाठ (एकमेकांचे हात धरून झालेला गुंता हात न सोडता सोडवायचा), कुणीच बाद न होणारी संगीत खुर्ची.’ खाली अंगठ्यांची रांग. तिथे गप्प बसलो, इथे बसवत नाही.

खो-खो सहकाराचा खेळ नाही? पाठलाग करणाऱ्याला मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. एकटा कितीही पळाला तरी चांगला पळणारा गडी त्याच्या हाती लागत नाही. आठ जण खाली बसलेत त्यांच्यावर भरवसा ठेवून वेळेत खो द्यावाच लागतो. बारा वर्षं पोरं तयार करतोय. हावरेपणाने खो न देणारं पोरगं किती सामने घालवतं, ते मला विचारा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपली पोरं आणि पोरी दोन्ही जिंकली. आणि आपण तो शाळेतून काढायला निघालोय.

शिवाय आपल्या खेळांत बाद झालेला कायमचा बाहेर कुठे जातो? विष-अमृतात भिडू येऊन सोडवतो. कबड्डीत समोरचा एक गेला की आपला एक जिवंत होतो. साखळीत तर पकडला गेलेलाच पकडायला लागतो. धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू करून घ्यायचं हे आपल्याला कुठल्या कार्यशाळेत शिकवलं होतं?

बाई (नवी मुंबई)
सर, तुम्ही तयार संघाबद्दल बोलताय. माझ्या सातवीत ५८ मुलं आहेत आणि तास ३५ मिनिटांचा. खो-खो घेतला की एक डाव होतो, निम्म्याहून जास्त वर्ग पायरीवर बसून बघतो. बसणारी मुलंही दर वेळी तीच.

एक मुलगी होती वर्गात. अंगाने जाड, पळताना धाप लागायची. दोन कप्तान एकेक गडी मागायचे, ती शेवटी उरायची. मग ‘हिला तुम्ही घ्या’, ‘नको, तुम्हीच घ्या’. हे तिच्यासमोर. दर गुरुवारी खेळाच्या तासाला तिचं पोट दुखायचं. एकदा दहा-दहा जणांच्या गाठी घातल्या. तिच्या गटात सगळे ओरडत होते. हिने सगळ्यांना गप्प केलं आणि ‘तू खाली वाक, तू हिच्या हाताखालून जा’ असं एकेकाला सांगत गाठ सोडवली. त्यानंतर त्या गटाने तिला आपण होऊन हाक मारली. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. तुमचा विश्वचषक मोठाच आहे, पण माझं काम या मुलीचं आहे.

आठवीची आई
कुठला खेळ यावर भांडताय, आमच्याकडे खेळाचा तासच होत नाही. सहामाही जवळ आली की गणिताच्या बाई येतात, गेली की विज्ञानाचे सर. वेळापत्रकात ‘शा. शि.’ लिहिलेलं असतं तेवढंच. आणि आठवीतले मुलगे-मुली एकमेकांचे हात धरणार? गाठीचा खेळ चौथीपर्यंत ठीक आहे.

बाई (नवी मुंबई)
धरतात. हाताऐवजी रुमालाची दोन टोकं धरायची. वाकायला, वळायला जागाही जास्त मिळते. नववीतसुद्धा चाललंय.

लालबागचा गडी
सहकार बघायचाय ना? मग गुरुपौर्णिमेनंतर रात्री आमच्या गल्लीत दहीहंडीचा सराव बघायला या. खालच्या थरातल्या माणसाला हंडी दिसतसुद्धा नाही. मान खाली, खांद्यावर पाय, आणि सगळ्यात वर चढणारा एक्का कोण हे फक्त आवाजावरून कळतं. मी अकराव्या वर्षी एक्का होतो. माझ्या पायाखाली रिक्षावाले होते, बँकेतले होते, शाळा सोडलेले होते. मला पडू दिलं नाही कुणी. २०१४ मध्ये हायकोर्टाने अठराखालच्यांना बंदी घातली, उंची २० फुटांवर आणली. २०१७ मध्ये उंचीची अट गेली, पण चौदाखालच्यांना बंदी राहिली. आता सगळ्यात हलकं, सगळ्यात धीट पोर खाली उभं राहून बघतं. पोरांना जबाबदारी शिकवणारा याहून मोठा खेळ दाखवा.

धाकटी बहीण
तुम्हाला पडू दिलं नाही. माझ्या भावाला दिलं. तेरा वर्षांचा होता, सहाव्या थरावरून आला. डाव्या खांद्यात अजून सळई आहे, पावसाळ्यात हात वर जात नाही. खाली गादी नव्हती, फलक मात्र तीन मजली होता. दवाखान्यात पहिल्या दिवशी वीस जण आले, पंधराव्या दिवशी फक्त आई होती. याला सहकार म्हणू नका माझ्यासमोर.

लालबागचा गडी
ताई, वाईट झालं. पण एका पथकाच्या चुकीचं माप सगळ्यांना लावू नका. आता दोर आहेत, हेल्मेट आहेत, गाद्या आहेत. स्पेनमध्ये कॅटलोनियात लहान मुलं माणसांच्या मनोऱ्यावर चढतात, २०१० साली युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांची संस्कृती आणि आपला गुन्हा?

धाकटी बहीण
तिथलंच पूर्ण सांगा मग. २००६ साली तिथे एक मुलगी पडून दगावली, त्यानंतर मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. आणि तिथे मनोरा सुखरूप खाली उतरला तरच पूर्ण धरतात. माझ्या भावाच्या वेळी बक्षीस थर लावण्याचं होतं. उतरण्याला कुणी विचारत नव्हतं.

लालबागचा गडी
उतरण्याचं बरोबर आहे. आमचे वस्तादही तेच सांगायचे, चढणं सोपं आहे म्हणून. तरी चौदाची अट मला पटत नाही.

धाकटी बहीण
तुम्हाला पटावी म्हणून ती नाहीच.

मैदान कुठाय
दहीहंडी, खो-खो, गाठ, सगळं मातीवर होतं. आमच्या वॉर्डातल्या मैदानावर नवरात्रात मांडव, मग लग्नं, मग कुणाच्या तरी नावाची क्रिकेट स्पर्धा. मांडव निघतो, खिळे राहतात. माझ्या पुतण्याच्या तळव्यात गेला. यावर लिहिलं की दोन अंगठे, हंडीवर लिहिलं की शंभर उत्तरं.

खोखोवाला (सांगली)
खिळ्यांचं खरं आहे. आम्ही सरावाआधी रांगेत चालून माती तपासतो.

बाई, रात्रभर तुमची ती मुलगी डोक्यात होती. खो-खो बंद करणं चूक आहे, हे मी शेवटपर्यंत म्हणणार. बाद होऊन पुन्हा दुसऱ्या डावात उभं राहणं पोरांना यायलाच हवं. पण गडी मागून संघ पाडण्याची पद्धत वाईट, हे मान्य करतो. माझ्याकडेही शेवटी उरणारा एक आहे, आणि मी आजवर ते वेळेची बचत म्हणून चालवून घेतलं. सोमवारपासून चिठ्ठ्या. आणि बसलेल्यांचं काय करायचं ते सांगा, कारण पॅराशूट घ्यायला आमच्या शाळेकडे पैसे नाहीत.

बाई (नवी मुंबई)
माझ्याकडेही नाहीत. चार जुन्या सुती साड्या जोडून चादर केली आहे. कडेने दुहेरी शिवण घाला, नाहीतर तिसऱ्या दिवशी फाटते. भोवती वीस-पंचवीस मुलं उभी करायची, मध्ये दोन चेंडू, एकही जमिनीवर पडायचा नाही. मैदानावर एक डाव चालू असताना कडेला हे चालतं. आणि विष-अमृत मी विसरलेच होते. ५८ जणांत चार विषं ठेवली तर जमेल का?

खोखोवाला (सांगली)
चार कमी पडतील. सहा ठेवा, आणि दर तीन मिनिटांनी बदला.